आवाजाचा खरा तराजू
(बोलपटाच्या ध्वनिसंकलनासाठीं ध्वनिक्षेपक कसे निवडावे?)

दोन वर्षांपूर्वीं आमच्या शाळेच्या सभागृहांत एक लहानसा चित्रपट दाखविण्यांत आला. तो आमच्याच एका माजी विद्यार्थ्यानें तयार केला होता. लांबी अवघी अठरा मिनिटें; विषय त्याची आजी. पहांटे जात्यावर बसून ती जुन्या ओव्या म्हणत असे. मन व म्हैस या नद्यांच्या संगमावरील आपला किल्ला, पुराच्या आठवणी, कापूस वेचणीचे दिवस, हें सारें ती आपल्या वऱ्हाडी बोलींत सांगत असे. मुलानें तीन महिने घरीं खपून चित्र व ध्वनि यांचें संकलन केलें होतें. घरीं आजीचा आवाज त्याला अगदीं स्वच्छ वाटे. सभागृहांत मात्र पत्र्याच्या डब्यांतून कोणी बोलावें तसा एक चिरका, पोकळ स्वर येऊं लागला. आणि त्याच्याखालीं एक जड घरघर अशी सुरू झाली कीं, शेवटच्या रांगांना शब्दच कळेनात. पहिल्या रांगेंत आजीबाई स्वतः बसल्या होत्या. दिवे लागल्यावर त्या एवढेंच म्हणाल्या, "हा आवाज माहा नोहे, बाप्पा."

दुसऱ्या दिवशीं तो विद्यार्थी मजकडे आला. "सर, माझे कान खोटे कां ठरले?" असें त्यानें विचारलें. मीं त्याला सांगितलें, "कान खोटे नव्हेत; तुझा तराजू खोटा होता." तो तराजू म्हणजे त्याचा ध्वनिक्षेपक. या लेखांत त्याच तराजूची पारख कशी करावी, हें विद्यार्थ्यांना व पालकांना सांगण्याचा विचार आहे. आज गांवोगांवीं मुलें चित्रपट तयार करूं लागलीं आहेत. कॅमेऱ्याविषयीं तीं पुष्कळ चौकशी करतात. परंतु ध्वनि ज्यावर तोलावयाचा, त्या साधनाविषयीं फारच थोडी.

चूक कशी झाली?

विद्यार्थ्याच्या घरचा ध्वनिक्षेपक गाणीं ऐकण्यासाठीं घेतलेला होता. असे बहुतेक ध्वनिक्षेपक गोड लागावे म्हणून तयार केलेले असतात. त्यांत खालचे स्वर मुद्दाम फुगविलेले असतात. समजा, सेकंदास सुमारें २०० कंपनांचा स्वर हा ध्वनिक्षेपक ६ डेसिबलांनीं वाढवून ऐकवितो. आजीचा आवाज घुमतो असें वाटून मुलानें तेथें ६ डेसिबल कापले. घरीं हिशेब बरोबर झाला. पण सभागृहांतील ध्वनिक्षेपक तो स्वर फुगवीत नव्हता. म्हणून तेथें आवाजाचा भरीवपणाच ६ डेसिबलांनीं नाहींसा झाला. उलट, त्याच घरगुती पेटींत सेकंदास ६० कंपनांच्या खालचें जवळजवळ कांहींच ऐकूं येत नव्हतें. जात्याची जमिनींतून उठणारी घरघर आणि मायक्रोफोनवर आदळणारा वारा त्या भागांत होता. जें ऐकूं आलें नाहीं, तें त्यानें कापलें नाहीं. सभागृहाच्या मोठ्या ध्वनिक्षेपकानें तें उघडें केलें.

अकोल्याच्या बाजारांत कापूस तोलणारा कांटा एका पारड्याकडे झुकलेला असेल, तर शेतकरी कितीही प्रामाणिक असो, मालाचें वजन खोटेंच निघेल. ध्वनिसंकलकाचेंही तसेंच आहे. त्याच्या ध्वनिक्षेपकाचें काम आवाज गोड करणें हें नसून, मुद्रणांत जें आहे तें, तेवढेंच, आणि तसेंच ऐकविणें हें आहे.

थोडा पूर्वेतिहास

हा प्रश्न बोलपटाइतकाच जुना आहे. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत 'आलम आरा' झळकला आणि आपल्या देशांत बोलपटाचें युग सुरू झालें. पुढच्याच वर्षीं, १९३२ सालीं, कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीनें 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट पडद्यावर आणला. गोविंदराव टेंबे व दुर्गाबाई खोटे यांच्या त्यांत प्रमुख भूमिका होत्या. कंपनीच्या संस्थापकांपैकीं विष्णुपंत दामले यांनीं ध्वनिमुद्रणाची बाजू संभाळली. आरंभींच्या बोलपटांत नट व नटी कॅमेऱ्यापुढेंच गात, आणि वाजविणारे चित्राच्या चौकटीबाहेर बसत; एकदां मुद्रित झालेलें सुधारण्यास फारसा वाव नसे. १९३३ सालीं प्रभात कंपनी पुण्यास गेली. तेथें तयार झालेल्या 'संत तुकाराम' या १९३६ च्या बोलपटाचा १९३७ सालीं व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवांत गौरव झाला. पुढें प्रभातच्या त्याच जागेंत १९६० सालीं सरकारनें चित्रपटशिक्षणाची संस्था स्थापन केली. तेथें ध्वनीचेंही शिक्षण दिलें जातें. त्याच संस्थेंत शिकलेले रसूल पूकुट्टी यांना 'स्लमडॉग मिलियनेअर' च्या ध्वनिमिश्रणाबद्दल २००९ सालीं दोन सहकाऱ्यांसह ऑस्कर पारितोषिक मिळालें.

ध्वनिक्षेपकाचा इतिहासही जाणण्याजोगा आहे. १९२५ सालीं अमेरिकेंतील राइस व केलॉग या दोन संशोधकांनीं ज्या तत्त्वाचा ध्वनिक्षेपक पुढें मांडला, त्याच तत्त्वावर आजचे बहुतेक ध्वनिक्षेपक चालतात. लोहचुंबकाच्या क्षेत्रांत तारेचें एक वेटोळें असतें. त्यांतून बदलता विद्युत्प्रवाह गेला कीं तें पुढेंमागें हलतें, आणि त्याला चिकटविलेला शंकूच्या आकाराचा पडदा हवा ढकलतो. मोठा पडदा खालचे स्वर चांगले काढतो. वरच्या स्वरांना हलका, लहान पडदा लागतो. म्हणून चांगल्या पेटींत निदान दोन पडदे असतात.

परंतु प्रत्येक चित्रगृहाचा आवाज निराळा असेल, तर संकलकानें कोणत्या चित्रगृहासाठीं तोलावें? या अडचणीवर १९३८ सालीं हॉलिवुडच्या अकादमीनें चित्रगृहांच्या ध्वनीसाठीं एक समान आलेख ठरविला. पुढें १९७० नंतरच्या दशकांत त्याची जागा 'एक्स' आलेखानें घेतली. त्याप्रमाणें प्रेक्षागृहांत मोजलेला आवाज सेकंदास २००० कंपनांपर्यंत सारखा असतो, आणि त्यावर प्रत्येक सप्तकास सुमारें ३ डेसिबल उतरत जातो. ही एकरूपता हाच बोलपटाच्या ध्वनिशास्त्राचा पाया होय. पुण्यांतील खोलींत तोललेला शब्द अकोल्याच्या चित्रगृहांत त्याच वजनाचा उतरावा, एवढ्यासाठीं हा सारा खटाटोप.

निवडीच्या पांच कसोट्या

पहिली कसोटी समतेची. मनुष्याचा कान सेकंदास सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंपनें ऐकतो. ध्वनिक्षेपकाच्या माहितीपत्रकांत केवळ 'अमुकपासून तमुकपर्यंत' एवढाच आंकडा असेल, तर तो निरर्थक समजावा. 'अधिक-उणे ३ डेसिबल' अशी मर्यादा दिलेली असेल, तरच त्या आंकड्याला अर्थ येतो. कारण ती मर्यादा म्हणजे तराजूच्या कांट्याची चूक होय.

दुसरी कसोटी सामर्थ्याची. येथें थोडें गणित करूं. चित्रपटाच्या मोठ्या मिश्रणगृहांत 'गुलाबी गोंगाट' नांवाच्या परीक्षण-ध्वनीनें पातळी लावतात; त्यांत प्रत्येक सप्तकाला सारखीच शक्ति असते. पडद्यामागील प्रत्येक ध्वनिक्षेपकाची पातळी बैठकीच्या जागीं ८५ डेसिबल ठेवतात, आणि मोठ्यांत मोठ्या आवाजासाठीं त्यावर २० डेसिबलांची जागा राखतात; म्हणजे १०५. लहान खोलींत ८५ ची पातळी कानाला फार होते, म्हणून ती ७९ च्या सुमारास आणतात. तेथें शिखर ९९ होतें. आतां मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं आवाज ६ डेसिबलांनीं उतरतो. तेव्हां आपण २ मीटरांवर बसणार असूं, तर १ मीटरावर १०५ डेसिबल न फाटतां देणारा ध्वनिक्षेपक पाहिजे. दुकानांत 'किती वॅट?' असें विचारण्याऐवजीं हा प्रश्न विचारावा. वॅट दुप्पट केल्यानें केवळ ३ डेसिबल वाढतात.

तिसरी कसोटी संख्येची. गाण्यांना डावा व उजवा अशी जोडी पुरते. चित्रगृहांत मात्र पडद्यामागें डावा, मधला व उजवा असे तीन ध्वनिक्षेपक असतात, आणि संवाद बहुधा मधल्यांतून येतो. केवळ जोडीवर ऐकतांना मध्यभागींचा आवाज हा भास असतो. श्रोता एका बाजूस सरकला कीं आवाजही सरकतो. म्हणून ज्याला चित्रगृहासाठीं काम करावयाचें आहे, त्यानें पुढचे तिन्ही ध्वनिक्षेपक एकाच जातीचे घ्यावे. 'पांच बिंदु एक' या पद्धतींत पुढचे तीन, बाजूंचे दोन, आणि १२० कंपनांपर्यंतच्या गडगडाटासाठीं एक निराळा, अशी योजना असते. डावा व उजवा हे मधल्यापासून ३०-३० अंशांवर, आणि बाजूचे १०० ते १२० अंशांवर ठेवतात. आरंभ करणाऱ्यानें हें सर्व एकदम विकत घेण्याचें कारण नाहीं. पांच वाईटांपेक्षां दोन चांगले बरे.

चौथी कसोटी अंतर्गत शक्तीची. कांहीं पेट्यांत प्रत्येक पडद्यासाठीं स्वतंत्र शक्तिवर्धक आंतच बसविलेला असतो; कांहींना तो बाहेरून जोडावा लागतो. संकलनाच्या लहान खोलीस पहिली जात सोयीची, कारण पडदा व शक्तिवर्धक यांचा मेळ कारखान्यांतच घातलेला असतो.

पांचवी कसोटी ओळखीच्या आवाजाची. दुकानांत कर्कश गाणें लावून पाहूं नये. आपल्या घरच्या एखाद्या माणसाचें साधें बोलणें मुद्रित करून न्यावें, आणि डोळे मिटून ऐकावें. माणूस समोर बसून बोलत आहे असें वाटलें पाहिजे. आईचा आवाज ज्यांतून आईचा वाटत नाहीं, तो ध्वनिक्षेपक कितीही मोलाचा असो, परत ठेवावा.

खोली हाही अर्धा ध्वनिक्षेपक

येथें पुष्कळांची फसगत होते. उत्तम ध्वनिक्षेपक वाईट खोलींत ठेवला, तर तो वाईटच वाजतो. हवेंतून ध्वनि सेकंदास सुमारें ३४४ मीटर जातो. ध्वनिक्षेपक मागच्या भिंतीपासून १ मीटरावर असला, तर भिंतीवर आपटून परतलेली लहर सुमारें ८६ कंपनांच्या स्वराला पुढून जाणाऱ्या लहरीच्या विरुद्ध भेटते आणि तो स्वर खाऊन टाकते. पुरुषाच्या भरदार आवाजाचा पाया नेमका त्याच सुमारास असतो. श्रोत्याला वाटतें, नटाचा आवाजच हलका आहे! लहान खोलींत त्यावर उपाय म्हणजे पेटी भिंतीच्या अगदीं जवळ ठेवून, तेथें वाढणारा खालचा स्वर पेटीवरील कळीनें तेवढाच उतरविणें.

दुसरें असें कीं, साडेतीन मीटर लांबीच्या खोलींत सुमारें ५० कंपनांचा स्वर दोन भिंतींमध्यें अडकून घुमतो. भिंतीजवळ तो फार मोठा, आणि खोलीच्या बरोबर मध्यभागीं जवळजवळ नाहींसा होतो. म्हणून बैठक भिंतीला टेकूनही नको आणि अगदीं मध्यभागींही नको. लांबी, रुंदी व उंची सारखी असलेली खोली तर सर्वांत वाईट. तेथें तिन्ही दिशांचे दोष एकाच स्वरावर जमा होतात.

भिंतींवरील प्रतिध्वनि शोषण्यासाठीं आपल्या वऱ्हाडांत साधन सहज मिळतें. तें म्हणजे कापूस. सच्छिद्र वस्तु लहरीच्या चौथ्या भागाइतकी जाड असली म्हणजे चांगली शोषते. १००० कंपनांच्या स्वराची लहर सुमारें ३४ सेंटीमीटर असते. चौथा भाग साडेआठ. म्हणजे चार इंच जाडीची कापसाची गादी दोन्ही बाजूंच्या भिंतींवर टांगल्यास बोलण्याच्या वरच्या भागाचा प्रतिध्वनि बराच मावळेल. मात्र पातळ सतरंजी टांगून खालच्या स्वरांचा घुमारा जाईल, अशी आशा धरूं नये. त्या ५० कंपनांच्या लहरीचा चौथा भाग पावणेदोन मीटर होतो!

पातळी, कान व दुसरी पारख

१९३३ सालीं फ्लेचर व मन्सन यांनीं दाखवून दिलें कीं, हळू आवाजांत कानाला खालचे स्वर तुलनेनें फार कमी ऐकूं येतात. म्हणून आवाज कधीं लहान, कधीं मोठा ठेवून काम केल्यास निर्णयही बदलत जातात. पातळी एकदां ठरवून कळीवर खूण करावी, आणि संवादाचें वजन त्याच खुणेवर ठरवावें. त्याचप्रमाणें कानाची काळजी घ्यावी. ८५ डेसिबलांच्या सतत आवाजांत दिवसाला आठ तास ही मर्यादा मानतात. पुढें प्रत्येक ३ डेसिबलांस ती निम्मी होते. ध्वनिक्षेपक बिघडला तर दुसरा आणतां येईल. कान दुसरे मिळत नाहींत.

सर्व काम एका चांगल्या जोडीवर झाल्यावर तें एखाद्या साध्या, लहान पेटीवर अवश्य ऐकावें. यामाहा कंपनीचा 'एनएस-१०' हा ध्वनिक्षेपक १९७८ सालीं घरगुती वापरासाठीं निघाला होता. पुढें तो जगभरच्या ध्वनिमुद्रणगृहांत जाऊन बसला. घरोघरच्या सामान्य पेटींतून काम कसें ऐकूं येईल, हें त्यावरून कळे. आज बहुतेक प्रेक्षक चित्रपट फोनवरही पाहतात. म्हणून फोनवरही एकदां ऐकावें. मात्र तराजू मोठ्या जोडीलाच मानावें. लहान पेटी ही केवळ साक्षीदार. कानावरील हेडफोन मुद्रणांतील खरखर व टिचक्या शोधण्यास उत्तम. परंतु त्यांत खोली नसते व दोन्ही कानांचे मार्ग वेगळे असतात, म्हणून त्यांवर शेवटचा समतोल ठरवूं नये.

पालकांस दोन शब्द

मुलानें ध्वनिक्षेपकांचा हट्ट धरला, तर प्रथम त्याला खोली नीट लावावयास सांगावें. त्यास पैसा थोडा आणि मेहनत अधिक लागते. त्यानंतर एक साधी समतोल जोडी घ्यावी. मोठ्या पडद्यासाठींचें शेवटचें मिश्रण भाड्याच्या मिश्रणगृहांत एक दिवस करून घेणें हें घरीं सारी यंत्रें जमविण्यापेक्षां स्वस्त पडतें, आणि अधिक विश्वसनीयही असतें. मोठ्या चित्रपटांतही संवाद लहान खोलींत निवडून, शेवटचें तोलणें चित्रगृहासारख्या खोलींत करण्याचीच वहिवाट आहे.

विद्यार्थ्यांसाठीं तीन प्रयोग

१. किल्ल्याच्या दरवाजाच्या कमानीखालीं एक टाळी वाजवा. मग नदीच्या मोकळ्या पात्रांत तशीच वाजवा. दोन्ही मुद्रित करून घरीं ऐका. फरक टाळीचा नाहीं, जागेचा आहे.

२. एकाच माणसाचें बोलणें एका पावलावरून, दोन पावलांवरून व चार पावलांवरून मुद्रित करा. दर वेळीं आवाज किती उतरला तें लिहा.

३. एकच ध्वनिक्षेपक खोलीच्या कोपऱ्यांत, भिंतीलगत व मध्यभागीं ठेवून तेंच गाणें ऐका. कोठें खालचे स्वर फुगले, कोठें हरवले, तें टिपा.

पुढें काय झालें?

त्या विद्यार्थ्यानें एक गोष्ट मात्र शहाणपणाची केली होती. मूळ ध्वनिमुद्रण त्यानें जसेंच्या तसें, कांहींही न कापतां, निराळें जपून ठेवलें होतें. प्रत्येकानें हा नियम पाळावा. चुकीच्या तराजूवर केलेलें काम पुन्हां करतां येतें, पण मूळ धान्यच सांडलें तर काय तोलणार? त्यानें खोलींत गाद्या टांगल्या, उसनी जोडी आणली, आणि सारें काम पहिल्यापासून केलें. त्यास चार महिने लागले.

त्या चार महिन्यांत आजीबाई वारल्या.

गेल्या नाताळापूर्वीं चित्रपट त्याच सभागृहांत पुन्हां दाखविला. जातें फिरूं लागलें. त्याची घरघर या वेळीं जात्याएवढीच होती. मग ओवी आली, आणि तिच्यामागून बोलणें. मी मुद्दाम शेवटच्या रांगेंत बसलों होतों. प्रत्येक शब्द स्पष्ट कळत होता. आजीबाईंची थोरली लेक पहिल्या रांगेंत त्यांच्याच जागीं बसली होती. दिवे लागल्यावर ती बराच वेळ उठली नाहीं. नंतर भाच्याला जवळ बोलावून म्हणाली, "मायच बोलली रे."

मुलांनो, यंत्राची परीक्षा माहितीपत्रकावरून सुरू करा. पण ती संपवा मात्र अशा साक्षीवर.